टेकडीवरची हजेरी

सोयाबीन वाळल्याचा एक आवाज असतो. आश्विनातली उन्हे चढू लागली, की पाने गाळून नुसत्या शेंगांनिशी उभी राहिलेली झाडे आतल्या आत तडकू लागतात. तो आवाज एका झाडाचा नसतो. सगळे वावर मिळून हलकेच बोटे मोडत असल्यासारखा तो येतो. वाशिमच्या माझ्या घरामागे शहर संपते आणि पहिले वावर सुरू होते. यंदा दसऱ्याच्या आसपास एका दुपारी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तेव्हा तो ऐकू आला. वाऱ्याबरोबर मळणीतल्या भुशाचा, कुटाराचा वास आला. कोरडा, पिठासारखा, घशाशी खरखरणारा. पांढऱ्या चादरीवर पिवळट धुळीचा एक पातळ थर बसला होता. हा हंगाम आला, की माझ्या मनात एक साक्ष पुन्हा सुरू होते, आणि जिथे ती थांबवली गेली होती नेमकी तिथेच येऊन थांबते. थांबवणारी मीच होते.

त्या काळात मी सरकारी वकील होते. नेमके सांगायचे तर सहायक सरकारी वकील. पण खेड्यांतून येणाऱ्या माणसांना 'सहायक' हा शब्द दिसत नसे, त्यांना फक्त सरकार दिसे. आश्विनात काळा कोट अंगाला दुसऱ्या कातडीसारखा चिकटे. कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसलेल्या पक्षकारांच्या कपड्यांना या दिवसांत सोयाबीनचा वास येई, आणि आपले नाव लवकर पुकारले जावे, दिवस मावळण्याआधी वावरात परतता यावे, एवढीच त्यांची न्यायाकडे मागणी असे.

वकिली शिकण्याआधी मी कविता शिकले होते. कवितेच्या वर्गात आम्हांला सांगितले जाई, की जी ओळ लिहिलेली नाही तिच्याकडे पाहा. वकिलीत आल्यावर माझ्या ज्येष्ठांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसते 'साहेब' म्हणायचो, पहिल्याच आठवड्यात याच्या नेमके उलट शिकवले. उलटतपास घेताना साक्षीदाराला 'का' असे कधीही विचारायचे नाही. कधी, ते विचारा. कुठे, ते विचारा. हो की नाही, ते विचारा. 'का' म्हणजे साक्षीदाराला आपल्या हाताने उघडून दिलेले दार. त्यातून तो काय घेऊन बाहेर येईल याचा भरवसा नाही. हे समजावताना साहेब पानाला चुना लावत होते. चुना जास्त होऊ नये म्हणून जितक्या हलक्या बोटाने ते तो पसरवत होते, तितक्याच हलक्या बोटाने त्यांनी तो एक शब्द माझ्या भाषेतून पुसून टाकला. पुसला गेल्याचे मला कळलेही नाही.

गोकर्णाबाईंचा दावा माझ्याकडे आला श्रावणात, आणि साक्षीला लागला तो सोंगणीच्या, सोयाबीन कापणीच्या ऐन भरात. रिठद गावाच्या आतल्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत त्या अंगणवाडी चालवत. वाडीचे नाव मी लिहीत नाही. तशी त्यांचीच इच्छा आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरे सांभाळायची, त्यांना गाणी शिकवायची, खिचडी खाऊ घालायची, वजने घ्यायची, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. त्यात एक नवी अट आली होती. रोज सकाळी दहा वाजता लेकरांसह आपले छायाचित्र मोबाइलवर काढून पाठवायचे. ते कुठे काढले, हेही त्याच्यासोबत आपोआप नोंदले जाई. एके दिवशी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना केंद्राच्या दाराला कुलूप दिसले. मग मागच्या नोंदी उघडल्या गेल्या, आणि आढळले की कित्येक महिन्यांची छायाचित्रे केंद्रात काढलेलीच नाहीत. 'केंद्र बंद ठेवून परस्पर बाहेरून हजेरी पाठवली' असा ठपका ठेवून त्यांना कामावरून कमी करण्यात आले. तो आदेश रद्द व्हावा आणि आपल्या नावापुढचे ते वाक्य पुसले जावे, एवढेच त्यांचे कोर्टापुढे म्हणणे होते. ते वाक्य टिकवून धरणे हे माझे काम होते.

ती छायाचित्रे मी घरी नेऊन पाहिली होती. शाई संपत आलेल्या यंत्रावर छापल्यामुळे त्यांतले आभाळ गुलाबी आले होते. गुडघ्याच्याही वर आलेल्या गवतात एका ओळीने उभी असलेली लेकरे, उन्हाने मिटलेले डोळे, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. सगळ्या लेकरांच्या मुठींतून हिरवट रंगाचे काहीतरी लांबट गेलेले दिसे. समासात मी पेन्सिलीने लिहिले होते, 'दोरी?' आणि पुढे गेले होते. माझ्या कामाचा मुद्दा वेगळा होता. तो मी स्वच्छ अक्षरात लिहून काढला: छायाचित्रात भिंत नाही. फळा नाही. दार नाही. छायाचित्रात आहे ते फक्त गवत. नसलेल्या गोष्टींकडे पाहायला मला कवितेने शिकवले होते. ती नजर मी अशी वापरली.

साक्षीच्या दिवशी गोकर्णाबाई पहिल्या गाडीने आल्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढताना त्यांनी पायरीला हात लावून नमस्कार केला. पदर सावरण्यासाठी त्या वाकल्या, तेव्हा मला त्यांच्या लुगड्याचा खालचा काठ दिसला. वीतभर उंचीपर्यंत तो कुसळांनी भरला होता. पिवळी, सुईसारखी, कापडात उभी रुतलेली कुसळे. कुसळ सोयाबीनच्या वावरात उगवत नाही. ते टेकडीवर, पडीक रानात उगवते, आणि त्यातून चालणाऱ्याच्या पोटऱ्या रक्ताळतात. क्षणभर, फार तर एका श्वासाइतका वेळ, माझ्या मनात एक वाक्य सरळ उभे राहिले: काम चुकवणारी बाई लेकरांची रांग घेऊन कुसळांतून चढत नाही. मग माझे नाव पुकारले गेले, मी उभी राहिले, आणि ते वाक्य खाली बसले.

त्यांच्या वकिलांनी दाव्यात ठरीव साच्यातले लिहून ठेवले होते, की वादी दररोज केंद्रातच हजर असे. ते वाडीत कधी गेले नसावेत. एका खऱ्या उत्तराने ते वाक्य पडणार होते, आणि समोर खरे बोलणारी बाई उभी होती.

"सकाळी दहा वाजता छायाचित्र काढताना तुम्ही केंद्रात होता, की टेकडीवर?"

"टेकडीवर."

"रोज?"

"रोज."

"आणि केंद्राच्या दाराला तेव्हा कुलूप असायचे. हो की नाही?"

"हो. पर कुलूप मी…"

"हो की नाही, एवढेच सांगा."

"हो."

मी कागद मिटले. न्यायाधीश महाशय खाली मान घालून उतरवून घेत होते. गोकर्णाबाई माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एक प्रकारचा सोशिक विश्वास होता, की एवढे विचारले आहे तर पुढचेही ही बाई विचारेलच. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी स्वतःच विचारले, "मी वर काहून जात होती, ते सांगू काय?"

मी म्हणाले, "माझे प्रश्न संपले."

त्यांच्या वकिलांना शेजारच्या कोर्टात दुसरे प्रकरण होते. फेरतपास नाही, असे सांगून ते खाली बसले. मग रीतीप्रमाणे साक्ष वाचून दाखवली गेली. बरोबर आहे का, असे विचारल्यावर गोकर्णाबाई म्हणाल्या, "बराबर हाय. पर अर्धं हाय." लिपिकाने सहीच्या जागेवर बोट ठेवले. त्यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत, नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव आणि खाली गावही.

दावा आम्ही जिंकलो. वादीच्या स्वतःच्या कबुलीवरूनच, असे निकालात म्हटले होते. साहेबांनी पाठ थोपटली. विभागाने निकालाच्या प्रती मागवल्या. त्यानंतरचा हंगाम कसा गेला ते मला आठवत नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात एका वेगळ्याच तालुक्याची फाइल माझ्यापुढे आली, ते आठवते. दुसरे गाव, दुसरी बाई, आणि तिला काढून टाकण्याच्या आदेशात लिहिलेले होते: छायाचित्रात भिंत नाही. फळा नाही. दार नाही. कुणीतरी माझा युक्तिवाद नमुना म्हणून समोर ठेवून उतरवला होता. शब्द कुणाचेही असू शकतात. लय आपली असली, की ती लपत नाही. तीन आखूड वाक्ये आणि मग एक विराम, हे वळण मी कवितेच्या वहीत घटवले होते. टेबलावरचा पंखा फिरत होता, आदेशाचा कागद फडफडत होता, आणि मला वाटत होते की माझाच आवाज कुणीतरी दुसऱ्या खोलीतून, मला न विचारता, वापरत आहे.

त्या वर्षअखेरीस मी सरकारी वकिली सोडली. साहेबांनी हाताने पान पुढे केले, आणि मी कधी खात नसे तरी ते घेतले. नागपूरच्या एका लहानशा अभ्यासगटात मी जाऊ लागले. सरकार माणसांना जी यंत्रे, जे मोबाइल, ज्या नोंदी लावते, त्या प्रत्यक्षात कशा वापरल्या जातात ते पाहायचे आणि नियम करणाऱ्यांना लिहून कळवायचे, असे ते काम. आईला ते अजूनही नीट कळलेले नाही. सरकारी वकील होतीस तर गल्लीतले लोक ओट्यावरून उठून उभे राहायचे, असे ती ऐकवते. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता शेजारणीनं इचारलं, पोरगी काय करून राह्यली, तं मी काय सांगू? लोकाइले इचारत फिरते म्हून सांगू?" मी हसले. पण माझ्या कामाची इतकी अचूक व्याख्या मलाही कुठल्या अहवालात करता आलेली नाही.

विचारत फिरणे सोपे नव्हते. पहिले वर्ष-दीड वर्ष माझ्या तोंडी कोर्टाचेच प्रश्न येत. कधी, कुठे, किती वाजता. माणसे उत्तरे देत, आणि उत्तरे संपली की ओसरीवर शांतता पसरे. ज्या शब्दाने ती शांतता मोडायची, तो शब्द जिभेवर यायलाच तयार नसे. हळूहळू मला उमगले, की ज्या यंत्रांचा मी अभ्यास करत होते ती साहेबांच्याच शाळेत शिकली होती. तीही कुठे आणि कधी एवढेच विचारतात. हो किंवा नाही एवढेच ऐकतात. साक्षीदार पुढे बोलू लागला, तर पडदा पुढच्या रकान्यावर सरकलेला असतो. त्यांना क्रूर म्हणण्यात अर्थ नाही. माझ्यासारखीच तीही आपल्या कामात तरबेज आहेत.

साक्षीच्या हंगामापासून चार सोंगण्या अशा गेल्या. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत मी कुठे कुठे फिरले, पण घरापासून तासाभराच्या वाटेवरच्या त्या वाडीत गेले नाही. यंदा अशा हजेऱ्यांचे नियम नव्याने ठरवणाऱ्या एका समितीने आमच्या गटाकडे लेखी मत मागितले. ते लिहायचे माझ्याकडे आले. माझ्याजवळ उदाहरणे पुष्कळ होती. तरी दर वेळी लिहायला बसले, की पहिली ओळ येऊन थबके. जी माहिती सरकारने आपली वकील म्हणून मला विश्वासाने दिली होती, ती मी कधीच वापरू शकत नाही, आणि वापरायचीही नव्हती. मला हवी होती ती एकच गोष्ट, आणि ती कुठल्याही फाइलीत नव्हती. ती विचारलेलीच नव्हती.

गच्चीवर तो आवाज ऐकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले.

सोंगणी पहाटे सुरू होते. रात्रीच्या दवाने शेंग मऊ असते, तोवर झाड कापले की दाणा शेंगेत राहतो. ऊन तापले की हात लागताच शेंग तडकते आणि दाणे भुईवर सांडतात. म्हणून बाया तांबडे फुटण्याआधी वावरात असतात. मी काळीपिवळी जीपने रिठदला उतरून वाडीच्या शिवारात पोचले, तेव्हा दहा वाजून गेले होते आणि कापणी उरकत आली होती. शेजारच्या वावरात मळणीचे यंत्र धडधडत होते, त्याच्या तोंडातून कुटाराचा सोनेरी झोत उडत होता. दहा-बारा बाया ओळीने वाकून पुढे सरकत होत्या. विळ्यांचा आवाज एकसारखा, पान चघळल्यासारखा येत होता. त्या ओळीत शेवटून तिसऱ्या गोकर्णाबाई होत्या. मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहिले. कुणीतरी मला ओळखले असावे, किंवा माझ्या खांद्यावरच्या पिशवीवरून अंदाज बांधला असावा.

"गोकर्णाबाई, तुह्या कोर्टातल्या मॅडम आल्या व," एक तरणी बाई ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता इळ्याचाबी फोटो धाडा लागते काय? मंग सांगून यायचं ना. पावडर तरी लावली असती."

ओळभर हसू पसरले. गोकर्णाबाई हसल्या नाहीत. हातातली मूठभर झाडे खाली ठेवून, कंबरेवर हात देऊन त्या सावकाश उभ्या झाल्या. "वळखलं मी," त्या म्हणाल्या. "कोट नाई घातला म्हून काय झालं." आणि पुन्हा वाकल्या. त्यांची ओळ पुरी व्हायची होती.

मी थांबले. न्याहारीच्या वेळी बायांनी मला त्यांच्यात बसवून घेतले. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, तेलात परतलेले वांगे. माझ्या हातावर भाकर ठेवताना गोकर्णाबाईंची बोटे लागली. सोयाबीनच्या लवेने आणि खुंटांनी ती खरखरीत झाली होती, नखांच्या कडा चिरलेल्या होत्या. कोर्टात सही करताना याच हातांना पेन जड झाले नव्हते. मी इथे कशासाठी आले आहे, हे त्यांना सांगितले. समितीचे सांगितले, सरकारी वकिली सोडल्याचे सांगितले, त्यांनी नाही म्हटले तर एक अक्षरही लिहिणार नाही, असेही सांगितले. त्या ऐकत होत्या की नाही, कळत नव्हते. मग लोटाभर पाणी पिऊन त्या उठल्या.

"चला, वर जाऊ. इथं यंत्राचा आवाज लय हाय."

वाडीतून रिठदच्या रस्त्याला येणारी जवळची पायवाट त्याच टेकडीवरून जाते. गवत वाळून पिवळे झाले होते आणि कुसळे पिकली होती. शंभर पावलांत माझ्या साडीचा काठ भरला, पोटऱ्यांना बारीक बारीक टोचू लागले. गोकर्णाबाई पुढे चालत होत्या, वाटेत मधूनच थांबून मागे वळून पाहत होत्या. मी मागे पडते का, हे त्या पाहत असाव्यात असे मला आधी वाटले. मग लक्षात आले, की त्या दर वेळी त्याच अंतरावर थांबत होत्या आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा पुष्कळ खाली, गुडघ्याच्या उंचीवर फिरत होती. रांग नीट येते ना, हे पाहण्याची ती जुनी सवय होती.

वर एक हिवराचे झाड आहे. त्याच्या विरळ सावलीत आम्ही बसलो. खाली वाडीची पंधरा-वीस घरे, केंद्राचे पत्र्याचे छप्पर, आणि त्याच्यापलीकडे लाल-पांढरा उंच टॉवर. गोकर्णाबाईंनी तिकडे हनुवटीने दाखवले. "तो आता झाला. पाच साल पयले झाला असता तं…" वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

मी वही काढली. पेन हातात धरले, आणि चार वर्षांपूर्वी जिथे थांबले होते तिथून पुढे सुरुवात केली.

"गोकर्णाबाई, तुम्ही लेकरांना घेऊन टेकडीवर का जात होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग नजर खाली वाडीकडे नेली आणि तिच्याशीच बोलत असल्यासारखे सांगू लागल्या.

सोंगणीच्या दिवसांत वाडीतल्या बाया अंधारातच वावरात जात, म्हणून लेकरे तेव्हापासूनच गोकर्णाबाईंपाशी असत. केंद्र उघडायची वेळ पुष्कळ पुढे होती, पण वेळ पाहून लेकरू भुकेजत नाही. मोबाइल आला तेव्हा तालुक्याला शिकवायला बोलावले होते. मोठ्या दालनात मागच्या ओळीत बसल्यामुळे त्यांच्यापर्यंत एकच गोष्ट नीट पोचली: सरकारला रोज लेकरे दिसली पाहिजेत. खाली वाडीत मोबाइलवर एक गोल चक्र नुसते फिरत राही. हिवराखाली आले, की ते थांबे आणि छायाचित्र जाई.

"म्हून मी म्हनलं, जिथून सरकारले लेकरं दिसतात, तिथं लेकरं नेले पायजेत."

मी विचारले, छायाचित्र खालीच काढून, नंतर एकट्याने वर येऊन पाठवता आले नसते का? तसे करता येते, हे त्यांना पुढे दुसऱ्या एका सेविकेने सांगितलेही होते.

"सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पर ते मले पटलं नाई. खाली काढून वर धाडनं म्हंजे शिळं धाडनं. लेकराइले मी कधी शिळं वाढलं नाई. मंग सरकारले काहून धाडू?"

कुलपाचेही त्यांनी सांगितले. मदतनीस बाई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. कोठीत तांदूळ होते, डाळ होती. कुलूप न लावता निघाले असते, तर कुत्री शिरली असती. "मंग तुमीच इचारलं असतं, कुलूप काहून नोतं म्हून." हे म्हणताना मात्र त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

मुठींतली ती हिरवी दोरी म्हणजे त्यांच्या एका जुन्या लुगड्याचा काठ होता. त्याला त्यांनी अकरा गाठी मारल्या होत्या. प्रत्येक लेकराची एक गाठ, आणि ज्याची त्याला पाठ. वर पोचल्यावर आधी गाठी मोजायच्या, मग छायाचित्र. एखादी गाठ रिकामी दिसली, की रांग तिथेच थांबे. त्यांच्यापाशी खरी हजेरी ती होती, आणि ती माझ्या हातातल्या प्रत्येक छायाचित्रात आली होती. मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले होते. तो काठ अजून आहे का, असे विचारले, तर म्हणाल्या, "हाय ना. त्यानं बकरी बांधते आता."

त्या थांबल्या. खाली यंत्रही थांबले होते. यंत्रावरची माणसे जेवायला बसली असावीत. त्या अचानक आलेल्या शांततेत, इतक्या उंचावरही, वाळल्या शेंगांचा तो आवाज मला ऐकू आला, किंवा आला असे वाटले.

"आता एक मी इचारू?" गोकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी हे समदं लिवसान. मंग माह्या कागदावरचं ते जाईन काय? केंद्र बंद ठेवलं, ते?"

मी सांगू लागले, की अपिलाची मुदत केव्हाच संपली आहे, ही समिती पुढच्या काळासाठीचे नियम ठरवणार आहे, जुन्या आदेशांना हात लावायचा अधिकार तिला नाही, तरीपण अशा नोंदींत कारण सांगायला जागा असावी, आणि ते कारण माणसाने ऐकल्याशिवाय कुणाला काढू नये, असे जर आमचे म्हणणे मान्य झाले तर पुढे…

त्यांनी हात वर केला. हळूच, लेकरांना गप्प करण्यासाठी करतात तसा.

"हो का नाई, येवढंच सांगा."

मी खूप काही बोलू शकले असते. प्रत्येक वाक्य खरे असते आणि कुठलेही उत्तर नसते. तेव्हा कळले, की पिंजऱ्यात उभे असताना पुढचे शब्द घशात परत ढकलावे लागतात, ते कसे वाटते.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना माहीत असावे. फक्त ते माझ्या तोंडून, पुढेमागे काही न जोडता, ऐकायचे असावे. पायाच्या बोटांत रुतलेले एक कुसळ त्यांनी उपटून काढले, निरखले आणि बाजूला टाकले.

"मंग बी लिवा," त्या म्हणाल्या. "म्या सांगते तसं लिवा."

मी लिहू लागले. त्या थांबून थांबून सांगत होत्या; कोर्टात न्यायाधीशांचे लिहून होईपर्यंत साक्षीदाराने थांबायचे असते, तशाच. प्रत्येक वाक्यानंतर माझ्या पेनाकडे पाहत होत्या. दाराले कुलूप होतं. मी टेकडीवर होती. माह्यासंगं अकरा लेकरं होते. शेवटचे वाक्य मात्र त्या एका दमात म्हणाल्या: "केंद्र बंद नोतं. केंद्र टेकडीवर होतं."

तेच वाक्य आता आमच्या मताचे पहिले वाक्य आहे. समितीला ते शास्त्रीय वाटणार नाही, असे गटातल्या एकाने सुचवले. मी ते हलवलेले नाही.

पण त्या दिवशी हिवराखाली मी फक्त वही मिटू लागले होते. गोकर्णाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"वाचून दाखवा ना. तिथं दाखवतात."

मी वाचले. डोक्यावरचा पदर सारखा करून, ताठ बसून त्यांनी ऐकले. मग वही मांडीवर ओढून घेतली आणि शेवटच्या ओळीखाली सही केली. सावकाश, नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, खाली गाव. कुठलेही कोर्ट तो कागद पुरावा म्हणून घेणार नाही, हे आम्हां दोघींनाही माहीत होते. खाली यंत्र पुन्हा सुरू झाले, बाया कापलेली झाडे गोळा करू लागल्या, कुणीतरी त्यांना हाक मारली. पेन माझ्या हातात देऊन त्या उठल्या, काठ झटकला.

"आता पुरं हाय," त्या म्हणाल्या, आणि उतरू लागल्या.